पावसाळ्यात अतिनील छायाचित्रांवर चढणारी साय: लेन्स निर्दोष असताना दोष कुठे शोधावा

सलग तीन वर्षे माझ्या अतिनील छायाचित्रांना एक ठरावीक दुखणे जडलेले होते. मे महिन्यापर्यंत चित्रे स्वच्छ येत, फुलांच्या मधोमध असलेले, मधमाशीला मकरंदाची वाट दाखवणारे काळे ठसे काजळासारखे उमटत आणि पाकळ्यांची टोके उजळ राहत. जुलै अर्धा उलटला की त्याच कॅमेऱ्यातून आणि त्याच लेन्समधून निघालेल्या चित्रावर दुधावर धरते तशी पातळ साय दिसू लागे. काळा रंग राखाडी होई, कडा मऊ पडत आणि आकाशाच्या बाजूने फिकट जांभळट धुके आत शिरल्यासारखे वाटे. साताऱ्यात राहून कास पठारावरची फुले टिपणाऱ्याला याहून गैरसोयीचा काळ दुसरा नाही, कारण पठार फुलते तेच मुळी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान. नोव्हेंबरात सामान साफ करून ठेवले की चित्रे पुन्हा निखळ होत, आणि मी त्या वर्षी जे काही बदललेले असे त्यालाच त्याचे श्रेय देऊन टाकत असे. माझी फसगत या श्रेय देण्याच्या सवयीतूनच झाली.

माझे सामान आधी सांगतो, म्हणजे पुढची चर्चा नीट लागेल. कॅमेरा डिजिटल आहे आणि त्याच्या सेन्सरपुढची अतिनील व अवरक्त किरण अडवणारी काच काढून तिथे पारदर्शक क्वार्ट्झ बसवून घेतलेले आहे. मुख्य लेन्स निकॉनची एल-निक्कोर ८० मिलिमीटर एफ ५.६ ही जुनी, धातूच्या नळीची एन्लार्जर लेन्स, म्हणजे फिल्मवरून कागदावर मोठे छायाचित्र छापण्याच्या यंत्राची. दुसरी नोवोफ्लेक्सची नोफ्लेक्सार ३५ मिलिमीटर एफ ३.५, आणि तिसरी श्टाइनहाइल कासार ही तीन भिंगांची साधी लेन्स. फिल्टर म्हणजे ५२ मिलिमीटरच्या कड्यात एकावर एक बसवलेल्या दोन काचा: शॉट या काच कंपनीची काळी यूजी ११ आणि तिच्यामागे निळसर-हिरवी एस ८६१२, दोन्ही दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या.

एन्लार्जरची लेन्स फुलांच्या कामी कशी आली, हे या छंदात नवख्या असलेल्यांसाठी सांगायला हवे. साध्या काचेतून साधारण ३५० नॅनोमीटरच्या खालचे किरण झपाट्याने कमी होत जातात, आणि आधुनिक लेन्सवरचे बहुस्तरीय लेप व भिंगे चिकटवणारा डिंक यांमुळे ही मर्यादा आणखी वर, कित्येकदा ३८० नॅनोमीटरच्याही पलीकडे सरकते. मधमाशीच्या डोळ्यातील अतिनील ग्राहक सुमारे ३४४ नॅनोमीटरपाशी सर्वाधिक संवेदनशील असतो, त्यामुळे मधमाशीला दिसते त्याच्या जवळपास जायचे असेल तर नेहमीची महागडी लेन्स निरुपयोगी ठरते. खास या कामासाठी घडवलेल्या लेन्स आहेत. निकॉनची यूव्ही-निक्कोर १०५ मिलिमीटर एफ ४.५, हॅसलब्लॅडसाठी झाइसने केलेली यूव्ही-सोनार १०५ मिलिमीटर एफ ४.३, पेंटॅक्सची ८५ मिलिमीटरची क्वार्ट्झ-टाकुमार आणि अमेरिकेतील कोस्टल ऑप्टिक्सची ६० मिलिमीटर एफ ४ ही त्यांतली ठळक नावे. यांत क्वार्ट्झ व कॅल्शियम फ्लोराइडची भिंगे वापरतात, आणि त्या विकायला आल्या तर त्यांची किंमत ऐकून माणूस मुकाट्याने घरी परततो. म्हणून आमच्यासारखे लोक अपघाताने अतिनील किरण आत सोडणाऱ्या जुन्या लेन्स शोधत फिरतात. त्यांत भिंगे कमी असावीत, लेप एकेरी किंवा मुळीच नसावा आणि भिंगे शक्यतो एकमेकांना चिकटवलेली नसावीत, इतकी ओळख असली तरी पुरते.

माझी एल-निक्कोर सांगलीतल्या गावभागातील एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतून आली. कृष्णधवल छपाई संपल्यावर मालकांनी एन्लार्जर माळ्यावर टाकला होता. "घेऊन जा, नाहीतरी भंगारातच जायचाय," असे ते म्हणाले तेव्हा माझे लक्ष एन्लार्जरकडे नव्हते, त्याच्या तोंडाशी असलेल्या त्या छोट्या लेन्सकडे होते. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या स्टुडिओंमध्ये असे माळे अजून पुष्कळ असतील, आणि ते धुंडाळणे परदेशातून लेन्स मागवण्यापेक्षा स्वस्तही पडते व आनंददायकही ठरते. एवढेच लक्षात ठेवावे की त्या जुन्या ८० मिलिमीटरच्या लेन्सचे मागचे आटे ३२.५ मिलिमीटरचे व पुढचे ३४.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडकडी लागते आणि फोकस करण्यासाठी हेलिकॉइड, म्हणजे लेन्स पुढेमागे सरकवणारी आट्यांची नळी, वेगळे घ्यावे लागते.

चुकलेले निदान

पहिल्या पावसाळ्यात साय दिसली तेव्हा संशय साहजिकच लेन्सवर गेला. पन्नासेक वर्षांची लेन्स आणि पश्चिम घाटाच्या तोंडाशी असलेले गाव, तेव्हा बुरशी लागली असणार असे मी ठरवूनच टाकले. ती पुण्यातल्या एका कारागिराकडे उघडून साफ करून घेतली, आणि लेन्स परत आली तेव्हा नोव्हेंबर लागला होता. त्याच आठवड्यात मी सगळे सामान, फिल्टरसह, ओल्या मऊ कापडाने पुसून काढले होते. चित्रे झकास आली आणि कारागिराला मी मनापासून धन्यवाद दिले. दुसऱ्या पावसाळ्यात साय पुन्हा आली. आता डिंक पिवळा पडला असावा, ही लेन्सच गेली, अशी समजूत करून घेऊन मी पदरचे पैसे मोडून नोफ्लेक्सार मागवली, तीही योगायोगाने दिवाळीनंतर हाती आली आणि अर्थातच उत्तम चालली. तिसऱ्या वर्षी नोफ्लेक्सारनेही जुलैत तेच केले, तेव्हा मी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर संशय घेऊ लागलो होतो.

गाठ सुटली ती आटपाडीमुळे. माझ्या थोरल्या बहिणीचे सासर तिथे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो असताना फिल्टरचा दुसरा, राखीव जोड मी तिथेच विसरून आलो. ताईने तो कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता. आटपाडी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येते. तिकडे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर इकडे विहिरीला पाणी राहील की नाही याची चिंता असते. ऑक्टोबरात मी तो जोड परत आणला आणि सहज म्हणून एल-निक्कोरवर चढवला. साय गायब! लेन्स तीच, कॅमेरा तोच आणि दिवसही तोच होता. चार महिने साताऱ्यात राहिलेला जोड लावला की साय हजर, आणि आटपाडीत राहिलेला लावला की चित्र स्वच्छ.

तीन वर्षांत मी लेन्स बदलली, ट्रायपॉड बदलला, फोकसची पद्धत बदलली. फक्त फिल्टर बदलून पाहिला नव्हता, कारण फिल्टर म्हणजे काचेचा साधा तुकडा, त्याला काय होणार, अशी माझी ठाम समजूत होती.

काचेवर नेमके काय होते

अतिनील छायाचित्रणात काळ्या दिसणाऱ्या यूजी ११ किंवा होयाच्या यू-३४० सारख्या काचा दृश्य प्रकाश अडवतात, परंतु सुमारे ७०० नॅनोमीटरच्या आसपास त्यांतून अवरक्त प्रकाश गळतो. सिलिकॉनचा सेन्सर त्या भागात अतिनीलपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असल्यामुळे ही थोडीशी गळतीही अख्खे चित्र ताब्यात घेते. ती अडवण्यासाठी मागे बीजी ३९ किंवा एस ८६१२ ही निळसर-हिरवी काच लावतात. या निळ्या काचा फॉस्फेट जातीच्या असतात आणि हवेतल्या ओलाव्याशी त्यांचे बरे जमत नाही. दमट हवेत त्यांचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो आणि त्यावर राखाडी-पांढरी पुटी चढते. यूजी ११ सारख्या काचाही याबाबतीत पूर्णपणे निर्धास्त नाहीत. पुटीचे कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. विखुरलेला प्रकाश चित्राच्या काळ्या भागांवर सांडतो आणि आपण ज्याला साय म्हणतो ती तयार होते.

हे लवकर का कळले नाही, याचे कारण लेन्सपेक्षा फिल्टरची तपासणी अवघड आहे हे आहे. लेन्स विजेरीसमोर धरली की आतले धुके, बुरशीचे जाळे, डिंकाचे पापुद्रे लगेच डोळ्यांना दिसतात. यूजी ११ डोळ्यांना ठार काळी असते, तिच्यातून पाहताच येत नाही. दोन काचा एकाच कड्यात असल्या तर त्यांच्या एकमेकींकडे तोंड असलेल्या दोन्ही बाजू झाकलेल्या राहतात, आणि पठारावरच्या भुरभुर पावसातून घरी आल्यावर ओलावा अडकून राहतो तोही नेमका त्याच फटीत. बाहेरची बाजू मी दर वेळी पुसत होतो. आत पुटी वाढत होती. नोव्हेंबरातल्या वार्षिक सफाईत मात्र मी कडे उघडून दोन्ही काचा वेगळ्या पुसत असे, त्यामुळे कोवळी पुटी निघून जाई आणि पुढच्या जूनपर्यंत सारे आलबेल राही.

चपलांच्या खोक्याची चाचणी

निदानासाठी आता मी एकच साधन वापरतो. चपलांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके घेऊन त्याला आतून काळा रंग दिला आहे आणि एका बाजूला साधारण रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडले आहे. भोकाभोवती नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप आठ-दहा पदरी करून चिकटवली आहे, कारण एकेरी टेप अर्धपारदर्शक असते. टेफ्लॉन अतिनील प्रकाश चांगला परावर्तित करतो आणि व्हाइट बॅलन्ससाठीही तोच उपयोगी पडतो. पांढरा कागद या कामी वापरू नये, कारण त्यातील चमक आणणारी द्रव्ये अतिनील शोषतात आणि उलट दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. पांढरा ऑइलपेंटही चालत नाही, कारण टायटॅनियम डायऑक्साइड अतिनीलमध्ये काळपट दिसतो. खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर ताजे हिरवे पान टाचणीने लावावे आणि त्याच्या शेजारी, टेपच्याच दुसऱ्या तुकड्यावर, सनस्क्रीन क्रीमचे एक बोट ओढावे.

काळे कापड किंवा काळा कागद न घेता भोक घेतले आहे याला कारण आहे. डोळ्यांना काळे दिसणारे कापड अवरक्तमध्ये पांढरेफटक दिसू शकते, पण आतून काळ्या केलेल्या खोक्याचे भोक प्रत्येक तरंगलांबीत काळेच राहते. भर दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, सूर्य पाठीशी ठेवून, फिल्टर लावून या खोक्याचे चित्र घ्यावे आणि संगणकावर मोठे करून पाहावे. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हाच हे करावे लागते, त्याला इलाज नाही.

सगळे ठीक असेल तर भोक काळेभोर, सनस्क्रीनचा पट्टा काळा, पान गडद आणि टेप उजळ दिसते. भोक राखाडी दिसत असेल तर प्रकाश विखुरतो आहे, म्हणजे साय आहे. भोक काळे आहे पण पान उजळ दिसते आहे, तर ती साय नव्हे, ती अवरक्त गळती आहे, कारण हिरवी पाने अतिनीलमध्ये जवळपास काळी आणि अवरक्तमध्ये झगझगीत असतात. भोकही काळे, पानही काळे, पण टेपच्या कडा मऊ आणि पसरट असतील, तर फोकस हलला आहे. हे तीन दोष चित्रावर पाहिले तर सारखेच 'धूसर' वाटतात, आणि माझी समजूत अशी आहे की आपल्यापैकी निम्मे लोक चुकीच्या दोषावर पैसे खर्च करतात. मी तर नक्कीच केले.

भोक राखाडी निघाले तर पुढचा प्रश्न असा की साय लेन्समध्ये आहे की फिल्टरमध्ये. इथे एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम कसोशीने पाळावा. फिल्टर तोच ठेवून लेन्स बदलावी, मग पहिली लेन्स परत लावून फिल्टर बदलावा, आणि तिन्ही चित्रांतली भोके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. राखीव फिल्टर नसेल तर निळी काच एकटी लेन्सवर लावून दृश्य प्रकाशात खोक्याचे चित्र घ्यावे, मग ती काढून फक्त लेन्सने घ्यावे. निळ्या काचेसह भोक राखाडी आणि काचेविना काळे आले, तर गुन्हेगार सापडला. काळ्या काचेची तपासणी अशी करता येत नाही. तिला कड्यातून काढून, खिडकीकडे तिरकी धरून, तिच्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब पाहावे लागते. निरोगी काचेत खिडकीचे गज रेखीव दिसतात, तर पुटी चढलेल्या काचेत त्यांच्यावर श्वास सोडल्यासारखी छटा येते आणि ती बहुधा कडेकडून सुरू झालेली असते.

गळतीविषयी थोडे

पान उजळ दिसले तर अवरक्त किरण अडवणारी काच पातळ किंवा निकृष्ट आहे असे समजावे. चिनी बनावटीच्या झेडडब्ल्यूबी २ सारख्या काळ्या काचेसोबत एक मिलिमीटरची स्वस्त निळी काच लावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. खात्री करायची असेल तर पूर्ण फिल्टरच्या पुढे काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या जमान्यातला गडद लाल २५ए फिल्टर लावून, एक्स्पोजर तसेच ठेवून दुसरे चित्र घ्यावे. लाल काच अतिनील अडवते, तेव्हा या चित्रात जे काही दिसेल ती सारी गळतीच. पुष्कळजण यासाठी ७२० नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर सुचवतात, पण गळतीचा शेंडाच त्या आसपास असल्यामुळे तो फिल्टर गळतीचा बराच भाग स्वतःच गिळतो आणि खोटा दिलासा देतो. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबून पाहण्याची युक्तीही इथे लंगडी आहे, कारण रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो आणि गळती होते ती त्याच्या बऱ्याच अलीकडे.

फोकस हलण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साध्या लेन्समध्ये दृश्य आणि अतिनील प्रकाशाचे फोकस एका जागी पडत नाहीत. फिल्टर न लावता फोकस करून मग फिल्टर चढवला की चित्र मऊ येणारच. फिल्टर लावूनच, लाइव्ह व्ह्यू मोठा करून, आयएसओ तात्पुरता चढवून फोकस करावा आणि छिद्र एफ ८ ते ११ ठेवावे. माझ्या कॅमेऱ्यावर आयएसओ ८०० ला स्वच्छ उन्हात पाव ते अर्धा सेकंद लागतो, तेव्हा वाऱ्याने डुलणारी फुले हा वेगळाच ताप होऊन बसतो. कासच्या वाऱ्यात सीतेच्या आसवांचे देठ क्षणभरही स्थिर राहत नाहीत. म्हणून गेल्या मोसमापासून मी बुटक्या आणि दगडाच्या आडोशाला उगवलेल्या फुलांवरच समाधान मानतो.

एक प्रकारची धूसरता मात्र दोष नव्हे, आणि तिच्यामागे लागून वेळ घालवू नये. पठाराच्या कडेवरून दूरचे डोंगर अतिनीलमध्ये टिपले तर ते विरघळून गेल्यासारखे दिसतात. स्वच्छ हवेतील रेणूंकडून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे हिरव्या ५५० नॅनोमीटरच्या तुलनेत ३६५ नॅनोमीटरला ते सुमारे पाचपट होते. साताऱ्यातून अजिंक्यतारा स्पष्ट आणि त्याच्या मागच्या रांगा पुसट दिसल्या, तर फिल्टर निर्दोष आहे आणि हवा आपले काम करते आहे. पावसाळी धुके मात्र निराळे आहे. त्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्यामुळे ते सगळ्या रंगांना सारखेच पांढरे करते, आणि त्यावर कोणत्याही लेन्सकडे उतारा नाही.

पुटी काढणे

जोड उघडण्याआधी कोणती बाजू कुठे आहे हे पेन्सिलीने कड्यावर लिहून ठेवावे. प्रथम शुद्ध केलेल्या पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ सुती कापडाने पुसावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि काच लगेच कोरडी करावी. कोवळी पुटी एवढ्याने जाते. काच पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण जे पाणी रोगाचे कारण आहे त्यातच रोग्याला झोपवण्यात अर्थ नाही.

जुनी, मुरलेली पुटी पुसून जात नाही. तिला सिरियम ऑक्साइडची भुकटी लागते, काचेवरचे ओरखडे घासून काढणारे कारागीर वापरतात तीच. भुकटीची पाण्यात पातळ लापशी करून ओल्या फेल्टच्या तुकड्याने, गोल गोल, फार दाब न देता घासावे, आणि दर दोन मिनिटांनी धुऊन तिरप्या उजेडात पाहावे. मला पहिल्या काचेला पाऊण तास लागला. एकाच जागी घासत राहिल्यास पृष्ठभाग ओबडधोबड होतो, पण ८० मिलिमीटरच्या लेन्सपुढे असलेल्या फिल्टरमध्ये एवढी सूक्ष्म उंचसखलता मला तरी चित्रात दिसलेली नाही. हा उपाय फक्त उघड्या, लेप नसलेल्या काचेसाठी आहे. ज्या फिल्टरवर परावर्तनरोधक किंवा आरशासारखा दिसणारा लेप असतो, उदाहरणार्थ बाडरचा व्हीनस फिल्टर, त्यावर सिरियम फिरवले तर लेपच निघून जाईल आणि फिल्टर कायमचा वाया जाईल. तसेच लेन्सच्या भिंगावर ही भुकटी कधीही वापरू नये.

लेन्समध्ये खरोखर बुरशी असेल तर तिची हकीकत वेगळी आहे. एन्लार्जर लेन्स उघडायला सोप्या असतात, पण चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये बुरशी गेली असेल तर घरच्या घरी हात घालू नये. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण लेन्स गोळा करणारे तिच्यावर हमखास घसरतात. थोरियमयुक्त काचेच्या काही जुन्या लेन्स, जसे टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४, कालांतराने पिवळ्या पडतात आणि अतिनील दिव्याखाली ठेवल्या की पुष्कळशा निवळतात. ही युक्ती खरी आहे, परंतु अशी निवळलेली लेन्स अतिनील छायाचित्रणाला योग्य होते, असा अर्थ त्यातून काढू नये. अनेक भिंगांची आणि जड काचेची लेन्स निवळल्यावरही आपल्याला हवे असलेले किरण अडवतेच.

पुन्हा होऊ नये म्हणून

साताऱ्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता कमी करणे आपल्या हाती नाही, फक्त डबा आपल्या हाती आहे. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढी माझी व्यवस्था आहे, आणि मापकाचा काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहील असे मी पाहतो. रंग बदललेले जेल ओव्हनमध्ये साधारण ११० अंश सेल्सियसला दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला लागते. घरच्यांच्या आग्रहावरून मी तांदळाचाही प्रयोग करून पाहिला. त्याने डब्यात कोंड्याची धूळ तेवढी झाली.

मुख्य बदल मात्र साठवण्याच्या रीतीत केला आहे. दोन्ही काचा आता एका कड्यात कायमच्या बसवलेल्या नाहीत. प्रत्येकीचे कडे वेगळे आहे, आणि पठारावरून परतल्यावर त्या सुट्या करून, दोन्ही बाजू पुसून, रात्रभर डब्यात वेगवेगळ्या ठेवल्या जातात. शूटिंगला जाताना गाडीतले एसी लावत नाही, कारण गार झालेली काच कासच्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर क्षणात दव धरते आणि ते नेमके दोन काचांच्या फटीत शिरते. नवी निळी काच घ्यायची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंनी संरक्षक लेप दिलेली घेतली. ती महाग पडली, पण दोन पावसाळे निभावून गेली आहे.

खरे सूर्यप्रकाशातले काम तपासण्यासाठी दारातल्या कुंडीत एक सूर्यफूल लावतो. त्याच्या पाकळ्या आपल्या डोळ्यांना सबंध पिवळ्या दिसतात, परंतु अतिनीलमध्ये त्यांची टोके उजळ आणि बुडे काळी येतात, त्यामुळे मधोमध बैलाच्या डोळ्यासारखे मोठे काळे वर्तुळ उमटते. मेअखेरीस बी टोचले की जुलै-ऑगस्टात, म्हणजे रोग सुरू होण्याच्याच सुमारास, फूल हाती येते. त्या वर्तुळाचा काळेपणा मागच्या वर्षीच्या चित्रापेक्षा उतरला की खोके बाहेर काढायचे. ३६५ नॅनोमीटरची एलईडी विजेरी वापरून ही तपासणी घरात करता येईल असे अनेकांना वाटते. साय पाहण्यापुरती ती चालते, पण लेन्सची पारख करण्याच्या कामाची नाही, कारण ३६५ ला बहुतेक सगळ्याच जुन्या लेन्स थोड्याफार पास होतात आणि खरा फरक पडतो तो ३४० च्या आसपास. विजेरीकडे थेट पाहू नये आणि अतिनील अडवणारा चष्मा लावावा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा प्रकाश डोळ्यांना मंद वाटतो आणि नेमके तेच घातक आहे.

साताऱ्यात राहिलेला तो पहिला जोड अजून माझ्याकडे आहे. त्यातली यूजी ११ घासून निघाली, पण एस ८६१२ च्या आतल्या बाजूला, कडेपासून नखभर अंतरापर्यंत, खोल गेलेला डाग सिरियमलाही दाद देत नाही. ती काच मी फेकलेली नाही. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती लावून खोक्याचे एक चित्र घेतो, मग चांगल्या काचेने दुसरे, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. पुढचे चार महिने येणाऱ्या प्रत्येक चित्रातले भोक या दोहोंपैकी कोणाच्या जवळ सरकते आहे, ते पाहत राहतो. एल-निक्कोर पुन्हा मुख्य लेन्स झाली आहे आणि नोफ्लेक्सार रुंद दृश्यांपुरती ठेवली आहे. राखीव जोड मात्र मेमध्येच आटपाडीला पोचवतो, ताईच्या साड्यांच्या घडीखाली.